कचेरीतील शांततेची किंमत

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांच्या भेटीस १२ नोव्हेंबर १९१४ रोजी एक शिष्टमंडळ गेले होते. त्याचे प्रवक्ते विल्यम मन्रो ट्रॉटर हे हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर, बॉस्टनच्या ‘गार्डियन’ ह्या साप्ताहिकाचे संपादक आणि वर्णाने काळे होते. त्यांचे गाऱ्हाणे सरकारी कचेऱ्यांविषयी होते. विल्सन १९१३ साली सत्तेवर आल्यानंतर वॉशिंग्टनच्या टपाल खात्यात आणि अर्थखात्यात कृष्णवर्णीय कारकुनांना गोऱ्या कारकुनांपासून वेगळे बसविण्यास सुरुवात झाली. कुठे मध्ये पडदे उभे राहिले, कुठे जेवणाच्या आणि स्वच्छतागृहांच्या जागा अलग झाल्या. सुमारे पन्नास वर्षे ज्या कचेऱ्यांत दोन्ही वर्णांची माणसे शेजारी बसून काम करीत आली होती, तिथे एकाएकी हा सोवळेपणा अवतरला. १९१२ च्या निवडणुकीत ट्रॉटर ह्यांनी विल्सन ह्यांनाच पाठिंबा दिला होता. त्यामुळे जाब विचारण्याचा त्यांना अधिकारही होता.

अध्यक्षांनी सांगितले की, ही व्यवस्था अपमानासाठी नसून कचेरीतील कुरबूर टाळण्यासाठी आहे. ट्रॉटर ह्यांनी ते मान्य केले नाही. तेव्हा अध्यक्षांना त्यांचा स्वर खटकला. ह्या संघटनेला पुन्हा भेट हवी असेल तर तिने दुसरा प्रवक्ता शोधावा, असे बजावून त्यांनी बोलणे संपविले. मुद्दा होता तिथेच राहिला आणि निकाल लागला तो आवाजाच्या पट्टीचा.

ह्या प्रसंगात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ट्रॉटर ह्यांची भाकरी सरकारी टेबलावर अवलंबून नव्हती. त्यांचे स्वतःचे पत्र होते, म्हणून ते बोलू शकले. ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्या कारकुनांची स्थिती अगदी वेगळी होती. त्यांच्यापैकी काहींनी विरोध नोंदविला. पण बहुतेकांनी मान खाली घालून पुढची फाईल उघडली. कृष्णवर्णीय सुशिक्षिताला त्या काळी मानाची नोकरी मिळण्याची ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सरकारी कारकुनी हे त्यांतले एक. ती गेली तर पुढे काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या घरात होता. शिवाय १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागण्यास सुरुवात झाली. म्हणजे एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत शिरण्याची वाटही अरुंद झाली.

कचेरीतील अल्पसंख्य माणसाच्या मौनाचा विचार इथून सुरू करायला हवा. हे मौन बाहेरून पाहणाऱ्याला संमतीसारखे दिसते, वरिष्ठाला समाधानासारखे दिसते आणि कधीकधी त्याच्याच समाजातील तरुणांना भ्याडपणासारखे दिसते. वस्तुतः तो एक हिशेब असतो. बोलण्याची किंमत काय आणि ती कोणाच्या खिशातून जाणार, ह्याचा तो हिशेब आहे आणि बहुधा तो बरोबरच मांडलेला असतो. म्हणून त्या माणसाला धैर्याचे पाठ देण्याआधी हिशेबातले आकडे कोणी ठरविले, हे विचारणे अधिक न्यायाचे होईल.

मुखवट्याची सवय

पिंजरा हा शब्द आपण अशा प्रसंगी लाक्षणिक अर्थाने वापरतो. वॉशिंग्टनमध्ये तो शब्दशः खरा ठरला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांनी सप्टेंबर १९१३ मध्ये आपल्या ‘क्रायसिस’ मासिकातून विल्सन ह्यांना अनावृत पत्र लिहिले. त्यात त्यांनी एका कृष्णवर्णीय कारकुनाची हकीकत दिली आहे. त्याच्या कामाचे स्वरूप असे होते की त्याला दुसऱ्या खोलीत हलविणे शक्य नव्हते. म्हणून वर्षानुवर्षांच्या सहकाऱ्यांपासून त्याला तोडण्यासाठी त्याच्याभोवती पिंजरा बांधण्यात आला. तो कारकून त्या पिंजऱ्यात बसून काम करीत राहिला आणि शेजारचे गोरे सहकारी शेजारी बसून काम करीत राहिले. दोघेही गप्पच होते. पण एकाने तोंड उघडले असते तर त्याची नोकरी गेली असती. दुसऱ्याने उघडले असते तर फार तर वरिष्ठाच्या कपाळाला आठी पडली असती. ह्या दोन मौनांना एकाच तराजूत घालता येत नाही.

पॉल लॉरेन्स डनबार हा कृष्णवर्णीय कवी ओहायो राज्यातील डेटन शहरात वाढला. शाळेत हुशार म्हणून नाव मिळविलेल्या ह्या तरुणाला शिक्षणानंतर एका इमारतीत लिफ्ट चालविण्याची नोकरी पत्करावी लागली. वर्तमानपत्रांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांची दारे त्याच्या वर्णामुळे बंद होती. हसऱ्या मुखवट्याआड दुःख लपविणाऱ्या माणसांवरील त्याची कविता पुढे फार प्रसिद्ध झाली. दिवसभर साहेबलोकांना वरखाली नेणाऱ्या आणि प्रत्येकाशी अदबीने वागणाऱ्या माणसाला मुखवटा म्हणजे काय हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

मुखवटा आज गेला आहे, असे मानण्यास आधार नाही. सभेत एकटाच कृष्णवर्णीय असलेला माणूस आपला आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवतो, कारण तो चढला तर त्याचा मुद्दा विसरून त्याचा संताप तेवढा लक्षात राहील हे त्याला ठाऊक असते. कुणी टोमणा मारला तर तो ऐकून न ऐकल्यासारखे करतो. केस जन्मतः जसे आहेत तसे ठेवले म्हणून नोकरीत अडचण येऊ नये, यासाठी कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हे मुखवटे किती बारीकसारीक गोष्टींपर्यंत पोचतात याची कल्पना येईल. आणि कचेरीचे दारही अजून सर्वांना सारखे उघडत नाही. मारियाने बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना उत्तर म्हणून सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठविले होते. पात्रता सारखी, नावे तेवढी निराळी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. ज्याने ही चाळण पार करून नोकरी मिळविली, तो ती सहजासहजी पणाला लावणार नाही, हे उघड आहे.

कायदा आला, पुढे काय?

अमेरिकेने ह्या प्रश्नावर कायदा केला नाही असे नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील वर्णभेद बेकायदा ठरविला आणि तक्रार करणाऱ्यावर आकसाने कारवाई करण्यासही बंदी घातली. समान रोजगार संधी आयोग १९६५ च्या जुलैत कामाला लागला. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक पॉवर ह्या वीज कंपनीचे प्रकरण त्या काळाचे द्योतक आहे. तिच्या एका वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत आणि त्या विभागातील सर्वांत वरचा पगार इतर विभागांतील सर्वांत खालच्या पगारापेक्षा कमी असे. ज्या दिवशी नवा कायदा अमलात आला, नेमक्या त्याच दिवशी, २ जुलै १९६५ रोजी, कंपनीने इतर विभागांत प्रवेशासाठी चाचणी परीक्षा लागू केल्या. वर्णाचा उल्लेख गेला आणि त्याची जागा गुणपत्रिकेने घेतली. तेरा कृष्णवर्णीय कामगार न्यायालयात गेले आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, कामाशी संबंध नसलेली आणि परिणामी एका वर्णालाच वगळणारी अट, हेतू कसाही असो, कायद्यात बसत नाही.

हा मोठा विजय होता. पण तो मिळविण्यासाठी तेरा माणसांना एकत्र यावे लागले, हेही विसरता कामा नये. एकट्यादुकट्याची गोष्ट वेगळी असते. अमेरिकेतील बहुसंख्य खाजगी नोकऱ्यांत मालक कारण न देता माणसाला काढू शकतो. कोट्यवधी कुटुंबांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो. त्यामुळे नोकरी गेली की घरातल्या आजारी माणसाचे औषधही अडते. भाषणस्वातंत्र्याची जी घटनादुरुस्ती अमेरिकन माणूस अभिमानाने सांगतो, ती सरकारला बांधते. खाजगी मालकाला ती बांधत नाही. आयोगाकडे तक्रार करायची तर मुदत १८० दिवसांची, अनेक राज्यांत ३०० दिवसांची. एवढ्या काळात माणसाला आधी स्वतःची खात्री पटवावी लागते, मग पुरावा जमवावा लागतो आणि साक्षीदार शोधावा लागतो. साक्षीदारही नोकरदारच असतो.

आकसाची भीती काल्पनिक आहे काय? आयोगाच्याच आकडेवारीनुसार २०२० ह्या आर्थिक वर्षात त्याच्याकडे ६७,४४८ तक्रारी आल्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींत आकसाच्या कारवाईचा आरोप होता. अन्यायाच्या सर्व प्रकारांत हा प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणजे मूळ अन्यायापेक्षा त्याविषयी बोलल्याबद्दल झालेल्या शिक्षेची गाऱ्हाणी अधिक, असे हे चित्र आहे. सर्व आरोप सिद्ध होतात असे नाही. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस आरोप सिद्ध होण्याची वाट पाहत नाही. तक्रार करणाऱ्याची बदली झाली, एवढे पाहूनच तो आपला धडा घेतो.

न्यायालयेही कधी हात देतात, कधी आखडता घेतात. हेड्रिक हंफ्रीज हे एका उपाहारगृहात साहाय्यक व्यवस्थापक होते. आपल्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याला वर्णामुळे काढले अशी तक्रार केल्यानंतर आपल्यालाही काढले, असा त्यांचा दावा होता. दुसऱ्यासाठी तोंड उघडणाऱ्याला संरक्षण आहे की नाही, असा तो प्रश्न होता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की, १८६६ च्या जुन्या नागरी हक्क कायद्यातही असे संरक्षण अभिप्रेत आहे. पाच वर्षांनी, २०१३ साली, मध्यपूर्वेतील वंशाचे एक डॉक्टर, नाईल नसार, ह्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९६४ च्या कायद्याखालील आकसाच्या दाव्यांसाठी पुराव्याची अट कडक केली. आकस हे एक कारण होते एवढे दाखवून आता भागत नाही. आकस नसता तर ही कारवाई झालीच नसती, असे सिद्ध करावे लागते. मालकाच्या मनातले कारण सिद्ध करणे किती अवघड असते, हे ज्याने कधी खातेनिहाय चौकशी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

बोला, असे सांगणारे दिवस

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड ह्यांच्या मानेवर एका गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला आणि त्यात त्यांचा अंत झाला. सतरा वर्षांच्या एका मुलीने ते दृश्य टिपले म्हणून ते जगाला दिसले. त्यानंतरच्या आठवड्यांत अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी निवेदने काढली, देणग्या जाहीर केल्या, सभा भरविल्या. जिथे वर्णाचा विषय कधी निघत नव्हता अशा कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना आता आग्रह होऊ लागला की, तुमचे अनुभव सांगा, आम्हांला शिकवा.

ह्या आग्रहामागे सद्भावना होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यात एक क्रौर्यही होते. ज्याला वर्षानुवर्षे गप्प राहण्याचे वळण लावले, त्याने आता ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सभागृहात, वरिष्ठांच्या समोर आपली जखम उघडी करावी, अशी ती अपेक्षा होती. जो बोलला त्याचे बोलणे लक्षात राहिले आणि जो बोलला नाही त्याचे न बोलणेही लक्षात राहिले. त्याच उन्हाळ्यात होल फूड्स ह्या किराणा मालाच्या दुकानांच्या साखळीत, कृष्णवर्णीयांच्या जिवाचे मोल सांगणारी घोषणा लिहिलेली मुखपट्टी बांधून आलेल्या कर्मचाऱ्यांना पोशाखाचा नियम दाखवून घरी पाठविण्यात आले. त्यांचा वर्णभेदाचा दावा अपील न्यायालयाने २०२२ साली ग्राह्य धरला नाही. मालकाने ठरविलेल्या शब्दांत बोलणे तेवढे चालते, असाच ह्याचा अर्थ कर्मचाऱ्यांनी घेतला तर त्यांना दोष देता येईल काय?

वारा फिरायलाही फार वेळ लागला नाही. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरीत भेदभाव करू नये आणि वंचितांना संधी देण्यासाठी क्रियाशील पावले उचलावीत, असा आदेश अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी १९६५ साली काढला होता. अनेक अध्यक्ष आले आणि गेले, पण तो टिकून राहिला. २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी तो रद्द केला. अनेक कंपन्यांनी आपले समावेशकतेचे उपक्रम आवरते घेतले. २०२० साली विश्वास ठेवून जो बोलला, त्याच्या मनात आज काय विचार येत असेल? संस्थेचा उत्साह हंगामी असतो आणि नोकरी बारमाही करायची असते, हे त्याच्या आधीच्या पिढीला ठाऊक होते. म्हणूनच त्या पिढीतील अनेकजण त्या सभांत मागच्या रांगेत गप्प बसले होते.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कचेरी ही काम करण्याची जागा आहे, वादसभा नव्हे. प्रत्येकाने आपापले सामाजिक दुःख टेबलावर आणून मांडले तर काम कधी व्हायचे? ह्यात तथ्य आहे. रस्त्यावरील राजकारणाविषयी कर्मचाऱ्याने कामाच्या वेळात काय बोलावे ह्याला मर्यादा घालण्याचा अधिकार संस्थेला असू शकतो. पण ज्या अन्यायाचे उगमस्थान कचेरीच आहे, तो अन्याय कचेरीबाहेरचा म्हणून टाळता येणार नाही. नेमणूक, बढती, कामाचे वाटप, जेवणाच्या सुटीतील टोमणे आणि वार्षिक शेरे हे कचेरीचेच विषय आहेत. आणि शांततेचा युक्तिवाद करणाऱ्यांनी हेही आठवावे की, १९१३ सालचे पडदे कुरबूर टाळण्याच्याच नावाखाली उभे राहिले होते. जी शांतता एकाच बाजूच्या गप्प राहण्यावर उभी असते, तिला शिस्त म्हणता येत नाही.

आपल्या घरची गोष्ट

वर्ण आणि जात ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांचे इतिहास वेगळे, त्यांची तर्कटे वेगळी. तरी नोकरीतील मौनापुरते पाहिले तर ह्या दोन कथा एकमेकींना भेटतात आणि एका माणसाच्या चरित्रात तर त्या प्रत्यक्षच भेटल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत पडदे उभे राहत होते, तेच हे वर्ष. कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये शिकून १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकीत आणि राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांनी बडोदे सोडले.

पुढची हकीकत आमच्या विषयाच्या अधिक जवळची आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव होते ‘मूकनायक’. ज्यांना वाचा नाही त्यांचा हा नायक. पण त्याच्या संपादकाच्या जागी नाव होते पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे. आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी महाविद्यालयातील नोकरी आणि असे पत्र ह्या दोन गोष्टी एका नावावर नांदणे किती कठीण होते, हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या वाणीने पुढे अवघा देश हलविला, त्यांनाही नोकरीत असताना आपल्या शब्दांसाठी दुसरी जागा शोधावी लागली. पुढे त्यांनी बॅरिस्टरीचा स्वतंत्र व्यवसाय पत्करला. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाशी अस्पृश्यांच्या प्रश्नाचे साम्य सांगितले, तेव्हा ते केवळ ग्रंथांतून काढलेले साम्य नव्हते.

आजच्या महाराष्ट्रातील कचेऱ्यांत आणि शिक्षकांच्या खोल्यांत ही गोष्ट कोणाला अनोळखी वाटेल? नवा माणूस रुजू झाला की त्याचे आडनाव विचारून झाल्यावर गावही विचारले जाते आणि त्या दोन उत्तरांतून जे हवे ते काढून घेतले जाते. आरक्षणाच्या जागेवर आलेल्यांना ‘सरकारचे जावई’ म्हणून हसले जाते आणि तो विनोद समजून ज्याच्यावर तो केला त्यानेही हसावे, अशी अपेक्षा असते. तो हसतोही, कारण गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब त्याच टेबलावर चहा घेत असतो. अहवालात ‘इतरांशी जुळवून घेत नाही’ एवढे चार शब्द आले तरी बढतीची पाच वर्षे जातात.

परदेशी गेलेल्या आपल्या माणसांना तर हा धडा दोन्ही बाजूंनी शिकायला मिळतो. अमेरिकेत तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्याची नोकरी गेली तर दुसरी मिळविण्यासाठी त्याला साधारणतः साठ दिवस मिळतात. नाही मिळाली तर बाडबिस्तरा गुंडाळावा लागतो. शेजारच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यावर अन्याय होताना तो पाहतो आणि साठ दिवस मोजून गप्प बसतो. पण तोच माणूस भारतीयांच्या गटात बहुसंख्य असतो, तेव्हा काय घडते? २०२० साली कॅलिफोर्नियातील एका मोठ्या संगणक कंपनीत जातिभेद झाल्याची फिर्याद तेथील सरकारी विभागाने दाखल केली. दोन व्यक्तींविरुद्धची फिर्याद पुढे मागे घेण्यात आली आणि आरोपांच्या खरेखोटेपणाविषयी इथे काही म्हणायचे नाही. पण त्या कागदपत्रांत पीडित म्हणून उल्लेख असलेल्या अभियंत्याचे नाव झाकून ठेवावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. सातासमुद्रापार, भरगच्च पगाराच्या नोकरीतही आपली जात सांगणे धोक्याचे वाटावे, ह्याचे उत्तर आपण अमेरिकेकडे मागू शकत नाही.

मौन फुटते कसे?

मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचरागाडीच्या मागच्या भागात बसलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार यंत्र अचानक सुरू होऊन चिरडून मेले. अशा गाड्यांविषयी कामगारांची तक्रार जुनी होती. ती कोणी ऐकली नव्हती. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता, ‘मी माणूस आहे’ एवढेच होते. त्यांना पाठिंबा द्यायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची ४ एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. १६ एप्रिलला तडजोड होऊन संघटनेला मान्यता आणि पगारवाढ मिळाली. हे तेराशे लोक जानेवारीत भित्रे होते आणि फेब्रुवारीत शूर झाले, असे कोणी म्हणणार नाही. जानेवारीत प्रत्येकजण एकटा होता, एवढाच फरक.

ह्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच प्रत्येक वेळी बोलावे, हा न्याय नव्हे. त्याला गप्प राहण्याचाही हक्क आहे. आपले दुःख हे इतरांच्या प्रबोधनाचे साधन व्हावे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. बोलण्याचे पहिले कर्तव्य ज्याला बोलणे सर्वांत स्वस्त पडते त्याचे. शिक्षकांच्या खोलीत ‘जावयां’चा विनोद झाला, तर त्यावर न हसण्याची आणि तसे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी प्रथम त्या खोलीतील ज्येष्ठ, कायम आणि वरच्या मानल्या गेलेल्या जातीच्या शिक्षकाची आहे. त्याचे फार तर चहाचे आमंत्रण चुकेल. चौकशीत साक्ष द्यायची वेळ आली तर ‘मी त्या वेळी बाहेर गेलो होतो’ असे म्हणणारा सहकारी तटस्थ नसतो. त्याने आपली बाजू घेतलेलीच असते.

कचेरीच्या प्रमुखांनीही तक्रारी येत नाहीत म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. ज्या कचेरीतून अशी एकही तक्रार कधी आली नाही, तिथे अन्याय नाही असे समजण्याऐवजी तक्रार केलेल्यांचे पुढे काय झाले, हे त्यांनी तपासावे. तक्रारीनंतर वर्षभरात तक्रारदाराची किंवा साक्षीदाराची बदली झाली, शेरे बिघडले, काम काढून घेतले गेले, तर त्याचे लेखी कारण देण्याचे ओझे वरिष्ठावर टाकले पाहिजे. खोट्या तक्रारी येतील ही भीती बाळगणाऱ्यांनी चौकशी निःपक्षपाती आणि वेळेत होईल असे पाहावे. खोटी तक्रार उघडी पडण्याचा तोच मार्ग आहे आणि खरी तक्रार टिकण्याचाही तोच. कर्मचारी संघटनांनी महागाई भत्त्याच्या मागणीइतक्याच गांभीर्याने हा विषय आपल्या पत्रिकेवर घेतला पाहिजे. सभासदांचा मान हा त्यांच्या सेवाशर्तींचाच भाग आहे.

आज महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी उद्या ह्याच कचेऱ्यांत येतील. त्यांच्यापैकी काहींना पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारले जाईल आणि काहीजण ते विचारणारे असतील. तिसरा वर्ग, म्हणजे ऐकणाऱ्यांचा, नेहमीच संख्येने मोठा असतो. बोलण्याची किंमत किती राहील हे बव्हंशी त्याच्याच हाती असते. त्याने ती वाटून घेतली तर कोणालाच ती जड जाणार नाही. वाटून घेतली नाही, तर ज्याला परवडत नाही त्यानेच ती भरावी, हा जुना हिशेब पुढे चालू राहील.